सोलापूरच्या पेठा बघायच्या तर यादी नको, वेळ धरा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो म्हणजे उत्तर भरकटणार नाही. बदली होऊन नाशिकहून सोलापूरला आलात, जुळे सोलापुरात राहताय, दोन महिन्यांत सिद्धेश्वर बघून झालं, किल्ला झाला, चादरी-टॉवेल घेऊन झाले. आता विजापूर वेशीपासून पुढं पूर्व भागापर्यंतचं जुनं गाव, जिथं तेलुगू, कन्नड, मुस्लिम, मराठी घरं एकमेकांना खेटून आहेत, ते खाण्यातनं आणि देवळं-मशिदी-दर्ग्यांतनं बघायचंय. त्यासाठी ठिकाणांची आणि हॉटेलांची यादी मागितलीत. आणि अगदी शेवटच्या ओळीत विचारलंत की असं कुणाच्या वस्तीत "बघायला" जाणं बरं दिसतं का, शिवाय बरोबर शाकाहारी सासूबाई आणि आठ वर्षांची मुलगी आहे तर कसं जमवायचं.

मला विचाराल तर खरा प्रश्न तो शेवटचाच आहे. यादी काय, रिक्षावाला पण देईल. पण यादी घेऊन गेलात की दुपारी दोनला कन्ना चौकात उभे राहाल, डोक्यावर ऊन, देवळाचं दार लावलेलं, खाण्याच्या गाड्या उठलेल्या, नुसता मागांचा खटखटाट ऐकू येतोय, आणि सोमवारी ऑफिसात जाऊन सांगाल की तुम्ही म्हणत होता तेच खरं, तिकडं बघायला काही नाही. म्हणून मी जागेपेक्षा वेळेबद्दल जास्त बोलणार आहे. कुठं जायचं हे सोलापुरात अवघड नाहीये, कधी जायचं हे कळलं की निम्मं काम झालं.

मी हे कशाच्या जोरावर सांगतोय ते पण सांगतो. मी टॉवेलच्या धंद्यात होतो. बाहेरगावची पार्टी आली की माल दाखवायचा, आणि मग त्यांना जेवायला न्यायचं, गाव फिरवायचं हे काम कायम माझ्याच गळ्यात पडायचं. एक पार्टी कांदा-लसूण न खाणारी जैन, दुसरी हलालशिवाय हात न लावणारी, तिसरी चेन्नईची, तिला तीन दिवस भाकरी खाल्ल्यावर भात पाहिजेच. सगळ्यांना एकाच हॉटेलात नेऊन पनीर खायला घालणं सोपं होतं, बरेच जण तेच करायचे. मला ते जमायचं नाही. आता धंदा पोरगा बघतो आणि मी कॉलेजची पोरं, कुणाचे पाहुणे असं कुणी ना कुणी घेऊन पेठांतनं फिरतो. पैसे घेत नाही, चहा घेतो.

आता काय काय कशावर अवलंबून आहे ते. पहिलं म्हणजे महिना. मार्च ते मे सकाळी नऊच्या पुढं पायी फिरण्याच्या भानगडीत पडू नका, सोलापूरचं ऊन अजून तुम्ही बघितलेलं नाही. श्रावणात मटणाच्या खानावळी थंड असतात पण देवळं जोरात असतात. रमजानमध्ये विजापूर वेस दिवसा पेंगलेली आणि रात्री जागी. दुसरं म्हणजे वार. सोमवारी सिद्धेश्वराला गर्दी, शुक्रवारी दुपारी मशिदींच्या आसपास गर्दी, रविवारी पूर्व भागात मटणाच्या दुकानापुढं रांगा. तिसरं म्हणजे तुम्ही काय खाता. आणि चौथं, सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्याकडं वेळ किती. तुमची बदली आहे, म्हणजे दोन-तीन वर्षं तरी आहात. मग एका दिवसात चार धर्म आणि दहा पदार्थ उरकायचा हट्ट कशाला? एका पेठेत चार वेळा जा. चौथ्या वेळी चहावाला विचारेल, काय बे, आज उशीर? तिथनं पुढं तुम्हाला माझी गरज नाही.

वेळेचं म्हणतोय त्यामागं कारण आहे. हे गाव कामावर बसलेलं आहे. जुनी मिल १८७७ सालची, त्यानंतर आणखी मिल आल्या, त्यांच्या भोंग्यावर पेठा उठायच्या आणि झोपायच्या. मिल गेल्या पण यंत्रमाग राहिले, आणि बायकांच्या हाताला विड्या वळायचं काम राहिलं. तेलंगणातनं आलेले पद्मशाली विणकर आधी हातमाग घेऊन बसले, मग मिलमध्ये लागले, मग यंत्रमागावर आले, आणि अख्खा पूर्व भाग त्यांच्याभोवती उभा राहिला. त्यामुळं तिथलं खाणं पाळीच्या वेळेला असतं. पहाटे कामावर जाणारा माणूस खातो, पाळी सुटलेला खातो, संध्याकाळी बाजाराला निघालेल्या बायका पोरांना भजी घेऊन देतात. मधल्या वेळात कुणी हौसेनं खायला येत नाही, म्हणून मधल्या वेळात काही मिळत पण नाही. देवळांचं तसंच. सकाळची पूजा कामाच्या आधी, संध्याकाळची आरती काम सुटल्यावर. नमाजाच्या पाच वेळा तर ठरलेल्याच आहेत, त्यातली मगरीबची म्हणजे सूर्य मावळतानाची वेळ धरलीत तर त्यानंतरचा तास-दीड तास विजापूर वेशीत खाण्याच्या दृष्टीनं सगळ्यात चांगला. अजान झाली, माणसं आत गेली, बाहेर आली, आणि निखाऱ्यावर शिक चढली, हा क्रम डोळ्यांनी बघायला मिळतो.

मग पहिली फेरी कशी करायची? साधा दिवस घ्या, सण नको. सणाला सगळंच नटलेलं असतं आणि तुम्हाला साधं काय असतं तेच माहीत नसेल तर नटलेलं कळणार कसं. सकाळी सहा-साडेसहाला सिद्धेश्वर तळ्यावर या. हो, बघून झालंय म्हणालात, पण तुम्ही रविवारी अकराला फोटो काढायला आला असणार. सकाळी या. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर, बसवेश्वरांच्या काळातले शिवशरण, त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत, आणि हे तळं त्यांनी लोकांना बरोबर घेऊन खोदलं असं परंपरा सांगते. म्हणजे गावाचं ग्रामदैवत कन्नड बोलणारं, दर्शनाला येणारे निम्मे मराठी, आणि बाहेर फुलं विकणाऱ्या बाईशी बोलाल तर ती तिन्ही भाषेत हिशोब करून दाखवेल. गावाभोवती त्यांनी ६८ लिंगं स्थापली. ती सगळी शोधायच्या मागं लागू नका, पण पेठेतनं चालताना एखाद्या बोळात लहानसं शिवलिंग दिसलं तर विचारून बघा, त्यातलंच असू शकतं.

तिथनं पंचकट्ट्यावरनं विजापूर वेशीकडं चालत निघा. रिक्षा करू नका. सिद्धेश्वर पेठेतच मार्कंडेय मंदिर लागतं. पद्मशाली समाज स्वतःला मार्कंडेय ऋषींच्या कुळातला मानतो, म्हणून त्यांचं हे मुख्य देऊळ. आत मराठीपेक्षा तेलुगू जास्त ऐकू येईल. सकाळी गेलात तर कामावर जाण्याआधी डबा हातात घेऊन हात जोडणारी माणसं दिसतील, ती मला कुठल्याही उत्सवापेक्षा जास्त बघण्यासारखी वाटतात. इथनं पाच-दहा मिनिटांत वेस, बेगम पेठ, मग मधला मारुती, पुढं कोंतम चौक, कन्ना चौक, साखर पेठ. ही माझी आवडती ओळ. एवढ्यात पाट्यांची लिपी बदलते, दारापुढच्या रांगोळीची तऱ्हा बदलते, दुकानातला माल बदलतो, आणि तुम्ही शहराच्या बाहेर पण गेलेले नसता.

नाश्ता वाटेतच करायचा. गाडीवर सुशीला मिळाली तर ती खा. नाशिकच्या माणसाला ही नवीन असेल. चुरमुरे भिजवून पिळून कांदा-मिरचीच्या फोडणीत परतलेले, वर शेंगदाण्याचं कूट. पोह्यांसारखीच दिसते पण खायला हलकी. पूर्व भागात इडली-उप्पीट सकाळी आठच्या आत संपतं, त्यामुळं उशीर केलात तर चहा-खारीवर भागवायला लागेल.

आता खाण्याचं जरा सविस्तर, कारण इथंच लोक गल्लत करतात. बाहेरचा माणूस प्रत्येक समाजाचा "स्पेशल" पदार्थ शोधत फिरतो. मी उलटं सांगतो, आधी सगळ्यांच्या ताटात सारखं काय आहे ते बघा. ज्वारी. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली मालदांडी, तिला २०१६ साली जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचं भौगोलिक मानांकन पण मिळालं. लिंगायत घरात भाकरी, मराठा घरात भाकरी, मुस्लिम घरात मटणाबरोबर भाकरी, तेलुगू घरात भात असला तरी भाकरी आहेच. फरक सुरू होतो तो भाकरीच्या बाजूला काय पडतं तिथनं. अंबाडीचं उदाहरण घ्या. एकच पाला, एकाच मंडईतनं आलेला. मराठी घरात तो डाळ-कण्या घालून शिजवतात आणि वरनं लसणाची चरचरीत फोडणी. कन्नड घरात ज्वारीच्या कण्यात घोटून घट्ट करतात, भाकरीवर तेल घालून खातात. तेलुगू घरात तोच पाला मिरच्यांबरोबर परतून वाटतात, त्याची झणझणीत पच्चडी होते आणि ती गरम भातात कालवतात. मला हे तीन प्रकार शेजारशेजारच्या तीन घरांत खायला मिळालेत. हॉटेलात तिन्ही एकत्र कुठंच मिळणार नाहीत, म्हणून ओळखी वाढवा म्हणतोय.

कडक भाकरीचं पण तसंच. पातळ थापायची, भाजायची, आणि मग मंद आचेवर पार पाणी उडून जाईपर्यंत ठेवायची. पापडासारखी मोडते आणि कितीतरी दिवस टिकते. पूर्वी प्रवासाला, बाजाराला निघालेल्या माणसाचं हे जेवण. आज पाकिटात मिळते, चांगली मिळते. ती दह्यात नाहीतर आमटीत मोडून खायची, कोरडी चावत बसायची नसते. बरोबर शेंगा चटणी. भाजलेले शेंगदाणे, तिखट, लसूण, जिरं, मीठ, एवढंच, पण कुटलेली पाहिजे. मिक्सरमध्ये पातं दाणा कापतं आणि भुकटी होते, डंकात किंवा उखळात दाणा चेचला जातो, त्याला तेल सुटतं आणि चटणीचा गोळा धरतो. दुकानात हातावर थोडी घेऊन दाबून बघा, बोटाला तेल लागलं पाहिजे. कोरडी भुरभुरीत असली तर पुढच्या दुकानात जा.

मांसाहारी असाल तर संध्याकाळची विजापूर वेस आणि रविवारी दुपारची पूर्व भागातली खानावळ, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही एका दिवसात करू नका. वेशीकडं शिक, म्हणजे मसाला लावलेले मटणाचे तुकडे सळईवर निखाऱ्यात भाजलेले, कांदा-लिंबू-चटणी आणि भाकरी किंवा रोटी. पूर्व भागात मटणाचा रस्सा, भात, आणि रस्सा असा लाल की नाशिकच्या काळ्या मसाल्याची सवय असलेल्या माणसाला पहिल्या घासाला ठसका लागतो. तिथं "कमी तिखट" असं काही सांगू नका, हसतील. भात जास्त घ्या.

आतापर्यंतचं थोडक्यात म्हणजे साधा दिवस, सकाळी लवकर नाहीतर मगरीबनंतर, एकच ओळ, पायी, आणि आधी सारखं काय ते बघून मग वेगळं काय ते बघायचं. हे दोन-तीन वेळा झालं की मग सणांकडं वळा.

सणांत पहिला मान गड्ड्याचा. जानेवारीत संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वराची यात्रा, आम्ही तिला गड्डाच म्हणतो. सात नंदीध्वज निघतात, म्हणजे उंचच्या उंच काठ्या, आणि त्या काठ्यांचे मान वेगवेगळ्या समाजांकडं वाटलेले. पांढरी बाराबंदी घातलेली माणसं काठी तोलत चालतात. भोगीच्या दिवशी ६८ लिंगांना तेलाचा अभिषेक करत मिरवणूक अख्ख्या गावाला फेरा घालते, त्याला यण्णीमज्जन म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी संमती कट्ट्यावर अक्षता. गोष्ट अशी सांगतात की कुंभाराच्या मुलीनं सिद्धरामांशीच लग्न करायचा हट्ट धरला, ते संन्यस्त, म्हणून त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायला सांगितलं. तेच लग्न दरवर्षी लागतं. संमती कन्नडमध्ये वाचतात, "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" म्हटलं की हजारो लोक अक्षता टाकतात, त्यातल्या बऱ्याच जणांना कन्नड येत नाही आणि त्यानं काही अडत पण नाही. भोगीला घरोघर खेंगट, म्हणजे त्या दिवसात मिळेल ती सगळी भाजी, हरभऱ्याचे घाटे, गाजर, वाल, शेंगदाणे घालून केलेली, आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. लिंगायत घरात हुग्गी, गव्हाची गुळातली खीर, वर तूप. आणि त्याच आठवड्यात तेलुगू घरात सकिनालू, तांदळाच्या पिठात तीळ-ओवा घालून हातानं वेटोळी पाडलेली आणि तळलेली. एका संक्रांतीला तीन स्वयंपाकघरं बघायची असतील तर हाच आठवडा.

गड्ड्याच्या सुमाराचीच आणखी एक तारीख पण लक्षात ठेवा. १९३० साली सोलापुरात इंग्रजांनी मार्शल लॉ लावला होता, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या चौघांना येरवड्यात फाशी दिली. एक लिंगायत, एक मुस्लिम, एक मराठा, एक मारवाडी. या चौघांचे पुतळे आहेत त्या चार पुतळ्यापाशी त्या दिवशी सकाळी माणसं हार घेऊन येतात. मी माझ्या फेरीत लोकांना तिथं नेतोच, पण भाषण करत नाही, नावं वाचायला सांगतो.

रमजानला विजापूर वेशीत मीना बाजार भरतो. कपडे, बांगड्या, अत्तर, शेवया, सुका मेवा, आणि रात्री उशिरापर्यंत खाणं. गिऱ्हाइकात सगळ्या जातीधर्माच्या बायका असतात, कारण स्वस्त असतं, याला दुसरं काही उदात्त कारण शोधू नका. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो, त्यामुळं त्या वर्षीचं बघून ठरवा. इफ्तारच्या ऐन वेळी गिऱ्हाईक म्हणून उभं राहू नका, त्या माणसाला आधी स्वतःचा रोजा सोडू द्या, वीस मिनिटांनी जा. मोहरमला पंजे, म्हणजे हाताच्या आकाराची निशाणं बसतात, त्यांच्या सवाऱ्या म्हणजे मिरवणुका निघतात, नवस बोलणाऱ्यांत हिंदू घरं पण असतात, आणि तेव्हा चोंगे खायला मिळतात, गूळ लावलेली गोड पोळीसारखी वस्तू, त्याबरोबर मलिदा. हा मलिदा लक्षात ठेवा.

श्रावणात नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, त्या दिवशी पद्मशाली घरांत जानवं बदलतात, पूर्व भाग रस्त्यावर असतो. आणि भाद्रपद अमावस्येपासून बतुकम्मा, तेलुगू बायकांचा फुलांचा सण. बायका तरवड, कुरडू, झेंडू, शेवंती अशी फुलं थरावर थर रचून त्याचा मनोरा करतात, मधे ठेवून टाळ्या वाजवत गाणी म्हणत फेर धरतात, आणि शेवटी पाण्यात सोडतात. अष्टमीच्या सुमाराला शेवटचा मोठा दिवस, त्या दिवशी चिंचेचा भात, दहीभात, लिंबाचा भात, तिळाचा भात असे भात करून नेतात, आणि बरोबर मलिदा. भाकरी किंवा पोळी कुस्करून गूळ-तूप घातलेला. मोहरमला दर्ग्यात खाल्लेला तोच, जवळपास त्याच हातचवीचा. कुणी कुणाकडनं घेतला हे मला सांगता येत नाही आणि मला त्यात पडायचं पण नाही, पण एकाच वर्षात दोन्ही खाल्लेत तर तुमचं तुम्हालाच कळेल मी का सांगत होतो.

बाकीचं पटकन सांगतो. जुळे सोलापुरातनं सात रस्त्यावरनं येताना रंगभवनाजवळचं फर्स्ट चर्च लागतं, अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतलं, रविवारची उपासना मराठीत असते, मागच्या बाकावर बसायला कुणी हरकत घेत नाही. बुधवार पेठेत मिलिंदनगरला प्रेरणाभूमी आहे, बाबासाहेबांच्या अस्थी तिथं आहेत, १४ एप्रिलच्या आदल्या रात्री तो भाग बघावा. बाळीवेशीत मल्लिकार्जुन मंदिर. माणिक चौकात आजोबा गणपती, १८८५ पासूनचा म्हणजे टिळकांच्या आधीचा असं मंडळवाले अभिमानानं सांगतात. ही सगळी वेगळ्या दिवसांची कामं, वरच्या ओळीत कोंबू नका.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, बरं दिसतं का. गिऱ्हाईक म्हणून गेलात तर बरंच दिसतं. भक्त म्हणून गेलात तरी. नुसता बघ्या म्हणून मोबाईल वर धरून गेलात तर नाही दिसत, आणि ते कुठल्याच वस्तीत नाही दिसत, तुमच्या जुळे सोलापुरातल्या सोसायटीत कुणी येऊन तुमच्या दारातल्या चपलांचा फोटो काढला तर तुम्ही पण बाहेर येणारच की. काहीतरी विकत घ्या, पाव किलो का होईना. मशिदीत जायचं असेल तर नमाजाच्या वेळा टाळून बाहेर बसलेल्या वडीलधाऱ्या माणसाला विचारा, हो म्हणाले तर जा, नाही म्हणाले तर सलाम करून निघा. शुक्रवारी दुपारी विचारूच नका. दर्ग्यात सोपं असतं, डोकं झाकायला रुमाल ठेवा, बायकांना कुठपर्यंत जाता येतं ते तिथले लोक सांगतात. बतुकम्माच्या फेरात बायका नाचत असताना पुरुषानं समोर जाऊन व्हिडिओ काढू नये, तुमच्या मिसेसला पुढं पाठवा, त्यांना तर हात धरून फेरात ओढतील.

प्रसाद, चहा, पाणी नाकारू नका. मटण पुढं आलं आणि खायचं नसेल तर "आज वार आहे माझा" म्हणा. हे वाक्य विजापूर वेशीत पण चालतं आणि साखर पेठेत पण चालतं, कुणी वाईट वाटून घेत नाही, पुढं कुठला वार असं पण विचारत नाहीत. "आम्ही नाही खात असलं" हे मात्र कधी म्हणू नका.

आणि एक सांगून ठेवतो, कारण हौशी मंडळी इथं हमखास घसरतात. शेजारी राहतात म्हणजे सगळे एका ताटात जेवतात असं समजून जाऊ नका. कुणाच्या घरात कुणी चहापर्यंत येतं, कुणी ओट्यापर्यंत, कुणी चुलीपर्यंत, हे प्रत्येक गल्लीत वेगळं आहे आणि ते सगळं गोड नाहीये. गावानं तणावाचे दिवस पण बघितलेत. तरी सूत एकाचं, माग दुसऱ्याचा, रंगारी तिसरा आणि गाडी चौथ्याची, त्यामुळं दुसऱ्या दिवशी दुकान उघडायलाच लागतं. तुम्ही गेल्या गेल्या कुणाला "तुमच्यात एकोपा कसा आहे" असलं विचारू नका. भाकरी कुठली ज्वारी आहे ते विचारा, त्यावर माणूस अर्धा तास बोलतो.

सासूबाईंसाठी सकाळची फेरीच बरी. तळं, मार्कंडेय, वाटेत सुशीला किंवा इडली, मधल्या मारुतीपर्यंत चालणं, तिथनं रिक्षानं परत. शाकाहारी जेवायला कुठल्याही लिंगायत खानावळीत भाकरी, भरलं वांगं, पालेभाजी, शेंगा चटणी, दही, हे ताट मिळतं, आणि त्यात त्यांना नाव ठेवायला जागा मिळणार नाही. संध्याकाळची वेस तुम्ही दोघं वेगळी करा. मुलीला पहिल्यांदा गड्ड्यालाच आणा, होम मैदानावर पाळणे असतात, तिला नंदीध्वजापेक्षा तेच आठवतील आणि त्यात काही बिघडत नाही. फक्त अक्षतांच्या दिवशी तिला गर्दीत खांद्यावर घेऊन उभं राहायची तयारी ठेवा, आणि सकाळी लवकर जागा धरा.

चटणी घ्यायची ती परत निघताना सगळ्यात शेवटी घ्या, तिचं तेल पिशवीत उतरतं आणि बाकीच्या वस्तूंना लागतं. एका वेळी पाव किलोच, ताजी संपवायची. नाशिकला कुणाला पाठवायचं असेल तर कडक भाकरी पाठवा, पुठ्ठ्याच्या खोक्यात उभ्या रचून, मधे वर्तमानपत्राचे कागद घालून, नाहीतर पोचेपर्यंत चुरा होतो.